जकातीचा किल्ला आणि कर्जात गेलेलं संस्थान

लेमाँ सरोवराच्या पूर्व टोकाला डोंगर जवळजवळ पाण्यातच उतरतो. कडा आणि पाणी यांच्यामध्ये उरते ती एक चिंचोळी पट्टी. आज त्या पट्टीत रस्ता आहे, लोहमार्ग आहे आणि वर डोंगराला बिलगून खांबांवर पेललेला महामार्ग आहे. आठशे वर्षांपूर्वी तिथे लादलेली खेचरं जातील एवढी वाट होती. पण वाट मोक्याची होती. उत्तरेकडून इटलीत उतरू पाहणाऱ्या व्यापाऱ्याला ग्रेट सेंट बर्नार्डची २,४६९ मीटर उंचीची खिंड गाठायची, तर या पट्टीतून जाणं भाग होतं. नेमक्या त्याच जागी, किनाऱ्याला अगदी लागून, पाण्यात एक लांबट खडक आहे. त्या खडकावर शियोंचा किल्ला उभा आहे.

नाणेघाटात जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण ज्यांनी पाहिला आहे, त्यांना शियोंचं मर्म चटकन उमगेल. वाट रोखायची, माल मोजायचा, जकात घ्यायची आणि त्या पैशावर राज्य चालवायचं, हा इथला मूळ धंदा. जिनिव्हा सरोवर या नावाने आपल्याला ठाऊक असलेल्या या पाण्याच्या काठी आज पर्यटक येतात ते निळ्या पाण्यात उतरलेल्या बुरुजांचं छायाचित्र काढायला. ते काढावंच. मात्र किल्ला समजून घ्यायचा असेल, तर आधी पाण्याकडे पाठ करून त्या वाटेकडे पाहावं.

स्वित्झर्लंडला जाणाऱ्या मराठी कुटुंबांच्या सहलीत टिटलिस आणि युंगफ्राऊ हमखास असतात. देशाचा फ्रेंचभाषक पश्चिम भाग मात्र बहुधा घाईत उरकला जातो किंवा गळतोच. शियोंजवळच्या मोन्त्रोत मुक्काम ठेवला, तर सकाळी शियों आणि दुपारी डोंगरापलीकडचं ग्रुयेर, अशी एका दिवसाची सहल सहज होते. एका ठिकाणी जकातीवर पोसलेला किल्ला आहे, दुसऱ्या ठिकाणी कर्जापायी मोडलेलं संस्थान. दोन्हींच्या कहाण्या अठरा वर्षांच्या अंतराने संपतात आणि दोन्हींच्या शेवटी बर्न हे एकच शहर उभं असतं. म्हणूनच या दोन जागा एकाच दिवशी, एकापाठोपाठ पाहण्यात अर्थ आहे.

मोन्त्रोहून शियोंला बस जाते, लोकल गाडी जाते, उन्हाळ्यात बोटही जाते. तरी सगळ्यांत चांगली चाल पायांचीच. सरोवराच्या काठाने फुलांच्या ताटव्यांमधून गेलेली ही फरसबंद वाट पाऊण तासात किल्ल्याशी पोचवते. निघतानाच बाजारचौकाजवळ पाण्याकडे तोंड करून, एक हात आकाशात उगारलेला एक ब्राँझचा पुतळा लागतो. तो फ्रेडी मर्क्युरीचा. १९९६ मध्ये उभारलेल्या या पुतळ्यापाशी जगभरचे चाहते फुलं ठेवतात. हा पारशी घरातला फारूख बलसारा शिकला तो पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आणि त्याचा पहिला बँड जमला तोही तिथेच. पुढे त्याच्या ‘क्वीन’ या बँडने मोन्त्रोतला ध्वनिमुद्रण स्टुडिओच विकत घेतला. पाचगणीच्या पठारावरून निघालेला मुलगा या काठावर येऊन विसावला, हे ठाऊक असलं की त्या पुतळ्यापाशी मराठी माणसाचा पाय थोडा अधिक रेंगाळतो.

काठच्या वाटेचं वळण संपलं की किल्ला समोर येतो. पंचवीसेक इमारती एकमेकींना चिकटत, एकाच खडकावर दाटीवाटीने वाढत गेल्या आहेत. पुलावरून आत शिरण्याआधी बाहेरूनच त्याची दोन तोंडं नीट पाहून घ्यावीत. रस्त्याकडची बाजू रागीट आहे: अर्धगोल बुरूज, जाड तट, माणसाचा हातही धड जाणार नाही अशा जंग्या. खडक आणि किनारा यांच्यामधली पाण्याची अरुंद चीर हाच खंदक, निसर्गानेच खोदून दिलेला. सरोवराकडची बाजू पाहिली तर हा किल्ला आहे यावर विश्वास बसू नये. तिथे नक्षीदार कमानींच्या मोठमोठ्या खिडक्या आहेत आणि खिडकीतच बसायला दगडी बाकं आहेत. शत्रू येणार तो रस्त्याने, पाण्यावर तर आपलीच सत्ता. मग त्या बाजूला भिंत कशाला जाड करायची? एकाच वास्तूत नाका आणि राजवाडा असे दोन्ही संसार थाटणारा हा आराखडा मुख्यतः १३व्या शतकातला, साव्हॉय घराण्याच्या काळातला.

किल्ल्याचा पहिला लेखी उल्लेख ११५० मध्ये सापडतो आणि तेव्हाही तो साव्हॉयच्या काउंटांकडे होता. १२१४ मध्ये काउंट तोमा पहिला याने जवळच व्हिलनव्ह हे गाव वसवलं. जकातनाका तिथे आणि त्याच्या पाठीशी शियोंचा तट, अशी ती व्यवस्था. त्याचा मुलगा पिएर दुसरा याने किल्ल्याला आजचं रूप दिलं. हा पिएर मोठा खटपट्या गृहस्थ. इंग्लंडच्या राजाची राणी त्याची भाची. त्या नात्याने त्याला लंडनमध्ये थेम्सकाठी जमीन मिळाली आणि तिथल्या ‘सॅव्हॉय’ या प्रसिद्ध हॉटेलाचं नाव आजही त्याच्या घराण्याची आठवण देतं. शियोंच्या किल्लेदारांनी लिहिलेले जमाखर्चाचे कागद इटलीत तुरीनच्या दफ्तरखान्यात जपलेले आहेत. कोणत्या छपराची डागडुजी झाली, लाकूड कुठून आलं, सुताराला काय दिलं, हे इतक्या बारकाईने कळणारे मध्ययुगीन किल्ले युरोपातही फार नाहीत.

तळघरात उतरताना थंडावा जाणवतो आणि डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला क्षणभर लागतो. मग दिसतात ते खांब, एका रांगेत, आणि त्यांच्या डोक्यावरून फांद्यांसारख्या फुटलेल्या दगडी कमानी. तळघर कसलं, चर्चच वाटावं. एका अंगाला तासलेली भिंत नाहीच, खुद्द खडकच आत घुसलेला आहे. दुसऱ्या अंगाच्या अरुंद झरोक्यांतून ऊन आत येतं ते पाण्यावर आपटून. त्यामुळे लाटांची चमक छतावर हलत राहते. इथे कधी धान्य होतं, कधी वाइन, कधी दारूगोळा, आणि कधी माणसं.

त्या माणसांतला सर्वांत प्रसिद्ध फ्रांस्वा बोनिवार. जिनिव्हातल्या सेंट व्हिक्टर मठाचा हा महंत साव्हॉयच्या ड्यूकविरुद्ध जिनिव्हाच्या स्वातंत्र्याची बाजू लढवत होता. १५३० मध्ये त्याला पकडून शियोंवर आणलं. पहिली दोन वर्षं वरच्या खोलीत बऱ्यापैकी वागवलं गेलं. नंतर ड्यूक स्वतः किल्ल्यावर आला आणि बोनिवारची रवानगी तळघरात झाली. पुढची चार वर्षं तो एका खांबाला साखळीने जखडलेला होता. येरझारा घालून घालून आपण खडकात पायवाट पाडली, असं त्याने पुढे लिहून ठेवलं. मार्च १५३६ मध्ये बर्नचं सैन्य तोफा घेऊन जमिनीवरून आलं, जिनिव्हाच्या नौका पाण्यावरून आल्या, आणि कधी न पडलेला हा किल्ला पडला. बोनिवार सुटला, जिनिव्हाला परतला, चार लग्नं केली, शहराचा इतिहास लिहिला आणि १५७० मध्ये वारला.

कवितेतला कैदी निराळा आहे. जून १८१६ मध्ये लॉर्ड बायरन आणि शेली सरोवरावर नौकेतून फिरत इथे आले. आदल्या वर्षी इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला होता आणि त्याच्या राखेने युरोपातला तो उन्हाळा पावसात बुडाला होता. परतताना लोझानजवळच्या उशी बंदरात पावसाने अडकलेल्या बायरनने ‘द प्रिझनर ऑफ शियों’ ही दीर्घकविता लिहिली. तिच्यात कैद्याचे भाऊ त्याच्या डोळ्यांदेखत मरतात. खऱ्या बोनिवारच्या बाबतीत तसं काही घडलं नव्हतं. कविता लिहिताना आपल्याला त्याचा इतिहास पुरता माहीत नव्हता, हे बायरनने नंतर मोकळेपणाने नोंदवलं. पण लोकांच्या मनात बसला तो बायरनचाच कैदी. तळघरातल्या तिसऱ्या खांबावर बायरनचं नाव कोरलेलं आहे आणि त्यावर संरक्षक काच बसवली आहे. ती अक्षरं पाहायला गर्दी होते, आणि बोनिवारचा म्हणून दाखवला जाणारा खांब त्यामानाने मोकळा असतो.

याच भिंतींआड घडलेली एक गोष्ट कवितेत आली नाही. १३४८ मध्ये प्लेगची साथ युरोपभर पसरत असताना ज्यू लोक विहिरींत विष कालवतात अशी आवई उठली. शियोंवर ज्यूंना धरून आणलं गेलं आणि छळ करून त्यांच्याकडून कबुलीजबाब वदवून घेतले. थोनों गावच्या बालाव्हिन्यी नावाच्या एका शल्यवैद्याचा जबाब इतिहासात नोंदलेला आहे. त्या जबाबांच्या नकला इतर शहरांत पाठवल्या गेल्या आणि त्यांच्या आधारे पुढच्या काही महिन्यांत ज्यू वस्त्याच्या वस्त्या जाळल्या गेल्या. बर्नच्या अमलातही इथे चेटकीण ठरवलेल्या बायका कैदेत होत्या. बायरनची सही पाहून वर निघालेल्या प्रत्येकाने या माणसांसाठीही तिथे मिनिटभर थांबावं. तेवढं त्यांचं देणं लागतं.

वरच्या मजल्यांवर चालत राहावं हे बरं. काउंटच्या शयनगृहातल्या भिंतींवर १४व्या शतकातली प्राण्यांची चित्रं अजून ओळखू येतात. मोठ्या दालनांवर बर्नच्या अस्वलाची छाप आहे. जिंकणाऱ्यांनी तब्बल २६० वर्षं इथे कारभार केला. शौचकूप थेट सरोवरावर उघडतात आणि मुलं तिथून लवकर हलत नाहीत. १७९८ मध्ये बर्नचा अंमल गेला आणि १८०३ मध्ये किल्ला नव्या व्हो परगण्याचा झाला. १९व्या शतकाच्या शेवटी आल्बेर नेफ या पुरातत्त्वज्ञाने जीर्णोद्धार हाती घेतला. जुना दगड कोणता आणि नवा कोणता हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे, या हट्टाने त्याने काम केलं. महाराष्ट्रात गडांच्या डागडुजीवरून जेव्हा जेव्हा वाद होतात, तेव्हा नेफचं हे काम पुढे ठेवण्यासारखं आहे.

दोन-अडीच तास शियोंला द्यावेत आणि मोन्त्रोला परतून डोंगराची गाडी धरावी. मीटर गेजची ही गाडी स्टेशन सोडताच द्राक्षमळ्यांतून आणि घरांच्या परसदारांतून वळणं घेत चढू लागते. सरोवर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि दर वळणाला अधिक खाली. वाटेत ले झाव्हाँच्या आसपासची कुरणं मे महिन्यात रानटी नर्गिसाच्या फुलांनी पांढरी होतात. इथले लोक त्याला मेमधला बर्फ म्हणतात. मग जामाँचा बोगदा येतो, आणि पलीकडे निघाल्यावर देशच बदलतो: द्राक्षं गेली, गवत आलं, दगडी घरं गेली, लाकडी आली.

मोंबोवोंला गाडी बदलायची. एवढंसं गाव, पण इथल्या चर्चमध्ये १९९५ च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’मधला चर्चचा प्रसंग चित्रित झाला आणि त्यासाठी भारतीय पर्यटक मुद्दाम उतरतात. मुंबईच्या मराठा मंदिरात तो चित्रपट वर्षानुवर्षं पाहिलेल्यांना हे ठिकाण चुकवणं जड जाईल. मोह फार झाला तर पुढची गाडी पकडावी, पण दुपार हातातून जाऊ देऊ नये.

ग्रुयेरचं स्टेशन डोंगराच्या पायथ्याशी प्रँजी नावाच्या वस्तीत आहे आणि गाव वर, टेकडीच्या माथ्यावर. चढ पंधरा मिनिटांचा. वेशीतून आत गेलं की एकच रुंद, गोट्यांनी फरसलेला रस्ता उतरत जातो आणि पुन्हा किल्ल्याकडे चढतो. दोन्ही बाजूंना १५व्या ते १७व्या शतकांतली घरं, मध्ये कारंजं, मागे मोलेझोंचा २,००२ मीटरचा डोंगर. मोटारींना आत मज्जाव असल्यामुळे ऐकू येतात ती पावलं आणि काट्या-चमच्यांचे आवाज. गावात एक दगडी ठोकळा आहे, धान्य मोजण्याची मापं त्याच्यातच कोरून काढलेली, लहान-मोठे गोल खळगे. मापात मारलं जाऊ नये म्हणून माप दगडातच कायमचं करून टाकलं. बहुतेक लोक त्याच्याकडे न पाहता पुढे जातात, पण हा बाजार कसा चालत असेल हे त्या खळग्यांवर हात फिरवला की जेवढं कळतं, तेवढं कुठल्या फलकावरून कळत नाही.

ग्रुयेरचे काउंट ११व्या शतकापासून इथे नांदले. निशाणावर सारस पक्षी, पदरी डोंगराळ मुलूख, शेजारी बलाढ्य. एकूण १९ काउंट झाले आणि त्यांतल्या अनेकांनी ऐपतीपेक्षा मोठा थाट केला. शेवटचा मिशेल गादीवर आला तेव्हा कर्ज डोक्यावरून गेलं होतं. १५५४ मध्ये त्याचं दिवाळं जाहीर झालं. सावकार कोण? फ्रिबूर आणि बर्न, दोन्ही शहरं. त्यांनी संस्थान वाटून घेतलं: वरच्या खोऱ्यातला मुलूख बर्नला, ग्रुयेर आणि खालचा भाग फ्रिबूरला. १५३६ मध्ये ज्या बर्नने शियों तोफांनी घेतला, त्याच बर्नला इथे तोफ ओढून आणावी लागली नाही; कर्जरोखे पुरले. सरदारांचा काळ सरून व्यापारी शहरांचा काळ कसा आला, हे एरवी जाडजूड पुस्तकांतून वाचावं लागतं. इथे ते मोन्त्रोपासून सव्वा-दीड तासाच्या गाडीप्रवासात डोळ्यांपुढे येतं.

त्यानंतर किल्ल्यात फ्रिबूरचे अधिकारी राहिले. १८४९ मध्ये तो खासगी मालकीचा झाला आणि चित्रकारांचा अड्डा बनला. फ्रेंच निसर्गचित्रकार कोरो इथे राहिला आणि त्याने एका दालनात स्वतः चित्रं रंगवली. १९३८ मध्ये फ्रिबूरने किल्ला परत घेतला व संग्रहालय केलं. तटाखालच्या बागेत आखीव कुंपणांमधून फिरताना खाली हिरवीगार दरी दिसते, आणि त्या दरीतच ग्रुयेरचं खरं वैभव आहे. ते पुढे चीजबद्दल बोलताना येईलच.

किल्ल्याच्या वाटेवर दोन अनपेक्षित दारं लागतात. एक ‘एलियन’ या १९७९ च्या चित्रपटातला जीव रेखाटून ऑस्कर मिळवणाऱ्या एच. आर. गीगर या स्विस कलावंताचं संग्रहालय. समोरच्या बारचं छत म्हणजे मणक्यांच्या कमानी. लहान मुलांना सांभाळून न्यावं. दुसरं तिबेट संग्रहालय. एका जुन्या प्रार्थनामंदिरात, रंगीत काचांच्या उजेडात, तिबेट, नेपाळ, काश्मीर आणि उत्तर भारतातल्या बुद्धमूर्ती मांडल्या आहेत. वेळ थोडाच असेल तर गीगर सोडून हे पाहावं. आपल्याकडच्या मूर्ती इतक्या निवांतपणे, इतक्या जवळून पाहायला मिळणं आपल्याकडेही दुर्मीळ झालं आहे.

काउंट गेले, चीज राहिलं. उन्हाळ्यात गाई वरच्या कुरणांवर, तिथेच तांब्याच्या कढईत चीज, आणि शरदात फुलांनी सजवलेली गुरं वाजतगाजत खाली, हा क्रम आजही चालू आहे. १८व्या शतकात ग्रुयेरचं चीज डोंगर उतरून व्हव्हे बंदरात येई आणि शियों ज्या सरोवरात उभा आहे, त्याच सरोवरावरून नौकांनी लिऑंकडे जाई. सकाळचं पाणी आणि दुपारचं गवत यांची गाठ अशी जुनीच आहे.

स्टेशनसमोरच्या चीजगृहात ही प्रक्रिया काचेपलीकडून पाहता येते. दूध कच्चंच, न तापवलेलं, आणि गाईंना मुरघास अजिबात द्यायचा नाही, असा नियम. विरजण लागून दूध साकळलं की तारांच्या सुऱ्या फिरून त्याचे दाणे होतात, मग ते ५७ अंश सेल्सियसपर्यंत तापवतात. साच्यांत भरून वीसेक तास दाब, नंतर एक दिवस मीठपाण्यात बुडी, आणि मग तळघरात किमान पाच महिने मुरणं. जास्त मुरलेलं दीड वर्षाचंही असतं. ३५ किलोच्या एका चाकाला ४०० लिटर दूध लागतं. लाकडी फळ्यांवर ओळीने मांडलेली हजारो चाकं एक यंत्रमानव एकेक करून उचलतो, घासतो, उलटतो आणि परत ठेवतो. त्याच्याकडे बघत किती वेळ जातो हे कळत नाही. २००१ पासून ‘ग्रुयेर’ हे नाव कायद्याने राखीव आहे.

शाकाहारी वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण सहलीच्या माहितीपत्रकांत ती नसते. ग्रुयेर चीजसाठी दूध साकळवायला वासराच्या जठरातून काढलेला पदार्थ वापरतात. गावातल्या उपाहारगृहांत मिळणारं अर्धं ग्रुयेर, अर्धं व्हाशराँ असं फाँद्यू पांढऱ्या वाइनमध्ये शिजतं. लाकडी बुधलीतून येणारी इथली घट्ट मलई मात्र निव्वळ मलई आहे. चमचा उभा राहावा इतकी दाट. ती मेरँगबरोबर देतात आणि मेरँगमध्ये अंड्याचा पांढरा भाग असतो, पण उन्हाळ्यात बेरीफळांबरोबरही मागता येते. ज्यांना यातलं काही वर्ज्य नाही, त्यांनी फाँद्यू अवश्य खावं, आणि ते तिथल्या रिवाजाप्रमाणे सावकाश, चौघांत एक भांडं ठेवून.

दिवस आखताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. चीजगृहात कढया दुपारी उशिरापर्यंत चालत नाहीत, म्हणून गाडीतून उतरल्याबरोबर आधी ते पाहावं आणि मग टेकडी चढावी. परतीच्या गाड्या साधारण तासाला एक असतात आणि मोंबोवोंला त्या मोन्त्रोच्या गाडीशी जोडलेल्या असतात; तेव्हा वर जाण्याआधीच वेळापत्रक बघून ठेवावं. जवळच ब्रोकला चॉकलेटचा जुना कारखाना आहे आणि पुष्कळ सहली तोही याच दिवशी कोंबतात. तसं करू नये. तो दुसऱ्या दिवसासाठी ठेवावा आणि वाचलेला तासभर ग्रुयेरच्या तटावर बसून दरी पाहण्यात घालवावा.